आधी नाली, मग भराव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातून आलेलं हे पत्र. वाचकाचं रस्त्याला लागून कृषी केंद्र आहे, त्यामागे खताचं गोदाम, मग तीन हजार चौरस फुटांचं मोकळं आवार आणि शेवटी राहतं घर. तीन वर्षांपूर्वी गावचा रस्ता सिमेंटचा झाला आणि फूटभर वर आला. तेव्हापासून जोराचा पाऊस आला की पाणी दुकानात शिरतं. मागच्या श्रावणात एका रात्रीत युरियाची चाळीस पोती भिजली. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या टिनाचं पाणीही यांच्याच आवारात पडतं. आवाराच्या कडेने एक बोळ मागच्या नाल्याकडे जातो. बोळापलीकडे, उतारावर, विधवा काकूंचं मातीच्या भिंतींचं घर आणि गुरांचा कोठा आहे. ठेकेदाराचा सल्ला असा: सगळ्या आवारात दोन फूट मुरूम भरा, वरून काँक्रीट करा, मागे भिंत घाला, बोळ बुजवा आणि त्याखालून सहा इंची पाइप काढा. काकू म्हणतात, "माह्या भितीत पाणी मुरलं तं मी कोठी जाऊ?" वडीलही भरावाच्या विरोधात आहेत. वाचक विचारतात, "जागा माझी, ग्रामपंचायतीचा नमुना आठ माझ्या नावावर, नुकसानही माझंच. मी माझ्या जागेत भराव टाकला तर चुकतो का? घरचे मला स्वार्थी म्हणतात."

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाणी कुठून येतं हे तुम्ही फार बारकाईने लिहिलंय. रस्त्याची उंची, शेजाऱ्याचं टिन, शटरखालची फट, सगळं आहे. ते पुढे कुठे जातं, हे मात्र पत्रात एकाच ठिकाणी येतं, आणि तेही काकूंच्या तोंडचं वाक्य म्हणून. मी तिथूनच सुरू करते.

स्वार्थाचं आधी सांगते. आपलं दुकान कोरडं राहावं असं वाटण्यात स्वार्थ नाही. चाळीस पोती म्हणजे अठराशे किलो माल, आणि तोही शेतकरी युरियासाठी दारात उभा असतो त्या दिवसांत. तुमचा राग मला कळतो. पण तो युरिया गेला कुठे? विरघळला आणि बोळाने खाली वाहिला. खाली काकूंचा कोठा आहे. युरिया मिसळलेलं पाणी गुरांच्या पोटात गेलं तर विषबाधा होते आणि काही तासांत जनावर दगावू शकतं, हे खत विकणाऱ्याला मी सांगायला नको. त्या रात्री काकूंच्या जनावरांना काही झालं नसेल तर ते नशीब. तुम्ही नुकसान मोजलं ते बोळाच्या अलीकडचं. पलीकडचं कुणी मोजलंच नाही.

म्हणून "माझ्या जागेत मी काहीही करू शकतो" हे गृहीतक जरा तपासून पाहू. नमुना आठ तुमच्या नावावर असणं ही एक गोष्ट, आणि त्या जागेवरून पाण्याची वाट असणं ही दुसरी. १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात, म्हणजे ज्याला वकील इझमेंट अॅक्ट म्हणतात त्यात, सातव्या कलमाखाली हे स्पष्ट दिलं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं आणि नैसर्गिकपणे उताराने येणारं पाणी खालच्या जमीनमालकाने येऊ द्यायचं असतं. तुम्ही शेजाऱ्याच्या खाली आहात आणि काकूंच्या वर. हा नियम तुम्हाला दोन्ही बाजूंनी लागतो. उताराचं पाणी भिंत घालून अडवता येत नाही. तसंच, आपल्या आवारात गोळा करून, भरावाने उंच करून, एका पाइपातून जोरात खालच्याच्या भिंतीवर सोडणं हेही त्या "नैसर्गिक" शब्दात बसत नाही.

शेजाऱ्याच्या टिनाचं पाणी याच कारणाने वेगळं आहे. छपराची पागोळी दुसऱ्याच्या आवारात सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा ते चालू असेल तरच तसा दावा करता येतो. त्याचं टिन जुनं की नवं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नवं असेल तर त्याला पन्हाळ लावायला सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण मग तुमच्या बोळाचं काय? तुमचे वडील आणि काका, म्हणजे काकूंचे यजमान, एकाच घरातले, वाटणी नंतर झाली. वाटणीच्या वेळी जी पाण्याची वाट चालू होती आणि ज्यावाचून एखाद्या हिश्श्याचं अडतं, ती कायदा सहसा चालूच धरतो. कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त बोलणं बरोबर नाही. वाटणीपत्र आणि गावठाणाची मोजणी झाली असेल तर तो नकाशा घेऊन वकिलाला दाखवा. बोळ बुजवण्याआधी दाखवा.

आता ठेकेदाराच्या हिशोबाकडे वळू, कारण मला खरी काळजी तिथे वाटते.

तीन हजार चौरस फुटांवर दोन फूट भराव म्हणजे सहा हजार घनफूट, साठ ब्रास मुरूम. गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी आलीच. एवढा खर्च करून काय होईल ते पाहा. तुमच्या घराचं जोतं दीड फूट आहे असं तुम्हीच लिहिलंय. आवार दोन फूट वर आलं की घर आवाराच्या अर्धा फूट खाली जाईल. आज पाणी दुकानात शिरतं, उद्या ते चुलीपर्यंत येईल. रस्त्याने तुमच्या दुकानाचं जे केलं, तेच हा भराव तुमच्या घराचं करेल. ठेकेदाराने हे तुम्हाला सांगितलं नसेल, कारण त्याला भरावाचं काम मिळालंय, घराचं नाही.

दुसरा धोका मातीचा. आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पहिल्या पावसाचं पाणी भेगा पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणं जवळपास थांबतं. म्हणूनच मृगात जे आवार कोरडं वाटतं तेच श्रावणाच्या झडीत तळं होतं. घराच्या पायाखालीही तीच माती आहे. एका बाजूला पाणी साचून राहिलं तर तेवढीच बाजू फुगते, भिंतीला तिरपी भेग पडते, दार चौकटीत अडकायला लागतं. भरावात मुरमाऐवजी वावरातली किंवा नाल्यातली काळी माती आली, आणि स्वस्तात काम उरकणारे ती आणतात, तर हा त्रास तुम्ही पैसे देऊन विकत घेतला असं होईल. माझ्या माहेरी, वर्धा जिल्ह्यात, अंगण असंच भरलं होतं. तीन पावसाळ्यांत स्वयंपाकघराची मागची भिंत जोत्यापासून सुटली. आजीने त्या घरात पन्नास वर्षं काढली होती, तोवर तिथे भेग नव्हती.

तिसरी गोष्ट सहा इंची पाइपाची. तुमच्या बाजूच्या वस्तीचं एक हेक्टर क्षेत्र रस्त्याने तुमच्या दारात उतरतं असं धरा. तासाला ५० मिमी या वेगाने सर आली, तर सिमेंटचे रस्ते आणि टिनाची छपरं मिळून सेकंदाला शंभरेक लिटर पाणी येतं. सहा इंची पाइप, शंभर फुटांना एक फूट उतार दिला तरी, सेकंदाला वीस लिटरही धड नेत नाही. उरलेलं पाणी कुठे जाणार? वर काँक्रीट, मागे भिंत. आणि हे झालं नव्या, स्वच्छ पाइपाचं. पहिल्या पावसात त्यात खर्र्याच्या पन्न्या, पऱ्हाटीच्या काड्या आणि चिखल जाऊन बसेल. काँक्रीटखाली गाडलेला पाइप साफ कोण करेल? तेवढ्याच उताराची, एक फूट रुंद आणि एक फूट खोल उघडी सिमेंटची नाली सेकंदाला शंभर लिटर नेऊ शकते. गाळ धरून दीड फूट रुंद ठेवा. वर उचलता येतील अशा फरश्या किंवा लोखंडी जाळी टाका, म्हणजे गुरांचा पाय अडकणार नाही आणि महिन्यातून एकदा फावडं घालता येईल.

आणखी एक पाणी तुमच्या पत्रात आलंच नाही. तुमच्या स्वतःच्या गोदामाचं. चाळीस बाय साठ फुटांचं टिन म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. महसूल खातं चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. तेवढ्या पावसात तुमच्या गोदामावरून साडेचौदा हजार लिटर पाणी उतरतं, पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. आणि त्या टिनाला पन्हाळ नाही, असं तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतं. सगळं पाणी गोदामाच्या पायाशी, घराच्या बाजूला पडतंय. शेजाऱ्याला पन्हाळ लावायला सांगायच्या आधी आपली लावा. सगळ्यांत स्वस्त काम हेच आहे आणि ते मेमध्ये चार दिवसांत होतं. त्यातलं पाणी टाकीत घेतलं तर धुणंधाण्याला आणि कुंपणाच्या झाडांना होईल. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र सोडून द्या. दुकान-गोदामाच्या आवारातलं पाणी विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला कधीही सोडू नका. छपराचं वेगळं, पण जिथे खतं-कीटकनाशकं सांडतात त्या जमिनीवरचं पाणी पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये.

तर करायचं काय? भराव टाकूच नका, असं मी म्हणत नाही. ज्याला उंचीची गरज आहे ते दुकान आहे, आवार नाही. वीस बाय तीस फुटांच्या दुकानाची फक्त जमीन दीड फूट वर घेतली तर नऊ ब्रास मुरूम लागतो. साठ कुठे, नऊ कुठे. सहा-सहा इंचांचे थर द्या, पाणी मारून धुमसाने ठोका, वरून कोबा. शटर वर घ्यावं लागेल, छताची उंची कमी होईल, पोती चढवायला उतरता ओटा करावा लागेल. हे जमत नसेल तर मधला मार्ग म्हणजे शटरसमोर आडवी, जाळीची नाली आणि आत नऊ इंचांचा पक्का उंबरठा. तोही नको असेल तर निदान यंदा पोती जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि कीटकनाशकं सगळ्यांत वरच्या फळीवर. ते तर उद्याच करता येईल. दुकानाचा विमा असेल तर त्यात पुराच्या पाण्याचं नुकसान धरलंय का, तेही कागद काढून वाचा.

आवारात काँक्रीट पूर्ण करू नका, एवढी माझी विनंती आहे. ट्रॅक्टर यायला चाकांच्या दोन पट्ट्या पुरतात. मध्ये गिट्टी राहू द्या. घराभोवती तीन फूट रुंद फरशी घालून तिचा उतार बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे जोत्याशी पाणी थांबणार नाही. आवाराचा उतारही घरापासून बोळाकडे हवा. भिंत घालायचीच असेल तर तळाशी जागोजागी मोऱ्या ठेवा. आंघोळ-भांड्यांचं सांडपाणी शोषखड्ड्यात जात असेल तर पावसाचं पाणी त्यात चुकूनही जोडू नका. काळ्या मातीत मुरमापर्यंत न पोचलेला शोषखड्डा आधीच कसाबसा चालतो. त्यावर छपराचं पाणी आलं की सांडपाणीच अंगणात वर येतं.

रस्त्याचं काय, हा तुमचा सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न. तिथे तुमची तक्रार खरी आहे. रस्ता वर आला आणि बाजूची नाली झालीच नाही, हा दोष तुमचा नाही. पण त्यावर उपाय तुमच्या आवारात करू गेलात तर रस्त्याचं पाणी काकूंच्या गळ्यात पडेल आणि ज्यांनी नाली करायची ते मोकळे राहतील. १ मेला ग्रामसभा असते. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तारखेचे फोटो आणि व्हिडिओ जोडा. मागणी नेमकी करा: रस्त्याच्या एका बाजूने पक्की नाली, आणि बोळाच्या तोंडाशी रस्त्याखालून मोठी सिमेंटची पायली, म्हणजे गोल नळा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम घ्या, असं लिहा. तुमच्या गल्लीतली आणखी चार घरं रस्त्याच्या खाली गेली असणारच. त्यांच्या सह्या घ्या. आणि पुढचा थर पडायच्या आधी जुना खोदून काढा किंवा लेव्हल घ्या, हे इतिवृत्तात नोंदवायला लावा. रस्ता रात्री स्वतः फोडायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. मी असं एक प्रकरण जवळून पाहिलंय. पाणी तिथेच राहिलं आणि वर पोलिसांचा त्रास झाला.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी थोडं. शेतातल्या पाण्याची वाट कुणी धुरा म्हणजे बांध उंच करून किंवा चर बुजवून अडवली आणि पिकाचं नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कित्येक जण पोळा, दिवाळी, मग तुरीची काढणी असं म्हणता म्हणता ती मुदत घालवतात. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना माती वेगळी, पाऊस जास्त, आणि घरामागे मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव, किंवा बोडी, म्हणजे लहान तळं. तिथे सांडव्याच्या वाटेवर प्लॉट स्वस्त मिळतो तो का स्वस्त आहे हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच घ्या. लॉन किंवा मंगल कार्यालय काढणाऱ्यांनो, सगळी जागा पेव्हर ब्लॉकने मढवण्याआधी खालच्या शेतकऱ्याशी बोला. तुमच्या पार्किंगचं पाणी त्याच्या सोयाबीनमध्ये उभं राहणार आहे.

भाऊ, आता काकूंबद्दल. त्यांच्याशी तुमचं बोलणं झालंय ते ठेकेदारासमोर, भरावाचं ठरल्यावर. त्यात त्या नाहीच म्हणणार. मातीच्या भिंतीला पाण्याची भीती काय असते हे सिमेंटच्या घरात राहून आपण विसरतो. ती भिंत खालून भिजली की सूचना न देता बसते, आणि ती बाई रात्री एकटी त्या भिंतीशी झोपते.

पण बोळात पक्की नाली झाली तर सगळ्यांत जास्त फायदा त्यांचाच आहे. आज बोळातलं पाणी कच्च्या मातीतून त्यांच्या भिंतीत झिरपतं, सिमेंटच्या नालीतून ते सरळ नाल्यात जाईल. तुमच्या दुकानाच्या आणि रस्त्याच्या पाण्याला वाट मिळेल, त्यांची भिंत कोरडी राहील. खर्च तुम्ही करा, उंच बाजूचा मालक म्हणून. त्यांच्याकडून हवी तर हातभर जागा मागा. ठरलेलं स्टॅम्प पेपरवर लिहा: नाली किती रुंद, साफ कोण करणार, पुढे कुणी बुजवायची नाही. दोन शहाणी माणसं साक्षीला घ्या. तंटामुक्त समितीत तुमचा विश्वास बसेल असं कुणी असेल तर त्यांच्यासमोर करा. तुमचे वडील पहिल्यापासून या बाजूचे आहेत, त्यांना पुढे करा. भावजयीकडे दीर गेला तर ती बोलणं ऐकेल.

आणि या सगळ्याच्या आधी लेव्हल. त्याशिवाय वरचे सगळे आकडे कागदावरचे आहेत. पारदर्शक नळीत पाणी भरून गावचा कुठलाही मिस्त्री दोन तासांत काढून देईल. रस्त्याची कड, दुकानाचा उंबरठा, घराचं जोतं, बोळाची सुरुवात, बोळाचा शेवट, नाल्याचा तळ आणि काकूंचा उंबरठा, अशा सात ठिकाणी खूण करा आणि वहीत लिहा. बोळाच्या सुरुवातीपासून नाल्यापर्यंत शंभर फुटांना एक फूट उतार मिळाला तर उत्तम. अर्धा फूट मिळाला तरी निभेल. त्याहून कमी मिळाला तर नालीचं तोंड रुंद करावं लागेल. ते आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू.

मृगाला अजून दीड महिना आहे. नळी धरायला दोन माणसं लागतात. एक टोक मिस्त्रीकडे राहू द्या, दुसरं काकूंच्या उंबरठ्यावर त्यांच्याच हातात द्या आणि पाणी नळीत कुठे थांबतं ते त्यांना स्वतः पाहू द्या. भरावाचं पुन्हा बोलायचं झालं तर त्यानंतर बोला. ठेकेदाराला तोवर थांबायला सांगा.